इतिहासाचे मौन आणि मालिकांची वाचा

ऐतिहासिक कलाकृतीने अस्सल कागदाशी किती इमान राखावे, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसायांपर्यंत तो प्रत्येक पिढीत झाला आणि बहुधा प्रत्येक वेळी संशोधक एका बाजूला व रसिक दुसऱ्या बाजूला अशी फाळणीही झाली. मात्र घरचा विषय निघाला की आपला आवाज चढतो. आपल्या इतिहासपुरुषांविषयी लिहिताना टीकाकार आधी आजूबाजूला पाहतो आणि मगच लेखणी उचलतो. ज्या देशाशी आपले ना रक्ताचे नाते ना भाषेचे, अशा देशाच्या ऐतिहासिक मालिका समोर ठेवल्या तर हाच प्रश्न अधिक थंड डोक्याने तपासता येईल, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखासाठी आम्ही दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका निवडल्या आहेत.

या मालिका आता आपल्या घरांतही अगदी परक्या राहिलेल्या नाहीत. २००६ च्या सुमारास दूरदर्शनने 'दे जांग-गुम' ही मालिका 'घर का चिराग' या नावाने हिंदीत दाखविली होती, हे काही वाचकांना स्मरत असेल. आज तर घरातील नातवंडे हातातल्या मोबाईलवर सबटायटल्स वाचत कोरियन राजदरबारात सुखेनैव वावरत असतात, आणि आजोबांना 'जोसॉन' म्हणजे कोणते घराणे ते समजावून सांगतात. अशा मालिकांना कोरियन भाषेत 'सागुक' म्हणतात. आपण 'इतिहासनाट्य' म्हणू. त्यांत दोन कुळे मानली जातात. एक परंपरानिष्ठ सागुक, ज्यात राजे, मंत्री, लढाया व कारस्थाने शक्यतो कागदाच्या आधाराने मांडतात. दुसरे 'फ्यूजन' सागुक, म्हणजे पोशाख जुना, मन आजचे. ही विभागणी सोयीची असली तरी फारशी उपयोगाची नाही. गुणदोष दोन्ही कुळांत सारखेच आढळतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

कोरियन लेखकाच्या पाठीशी जे दप्तर उभे आहे, त्याची कल्पना आल्याशिवाय या मालिकांचा न्याय करता येणार नाही. जोसॉन घराण्याची स्थापना १३९२ साली झाली. तेव्हापासून १८६३ पर्यंतच्या पंचवीस राजांचा ४७२ वर्षांचा वृत्तांत 'जोसॉन वांगजो सिल्लोक' या नावाने उपलब्ध आहे. १,८९३ खंडांचा हा संग्रह युनेस्कोने १९९७ साली जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत समाविष्ट केला. दरबारात नेमलेले इतिहासलेखक राजाच्या सान्निध्यात बसून रोजची टिपणे घेत. राजाच्या मृत्यूनंतर त्या टिपणांवरून आणि इतर कागदांवरून सिल्लोक सिद्ध होई, आणि काम झाल्यावर मूळ टिपणे पाण्यात धुऊन नष्ट केली जात, म्हणजे कोणी काय लिहिले यावरून पुढे कोणाचे डोके उडू नये. राजाला स्वतःविषयीचे टिपण पाहण्याची मनाई असे. सेजोंगसारख्या विद्वान व लोकप्रिय राजाने आपल्या पित्याचा सिल्लोक वाचण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा मंत्र्यांनी त्याला विनयपूर्वक पण ठामपणे अडविले. १४०४ साली राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठता उठता म्हणाला की इतिहासलेखकाला हे कळू देऊ नका. सिल्लोकात घोड्यावरून पडल्याची नोंद आहे, आणि 'कळू देऊ नका' असे राजा म्हणाल्याचीही नोंद आहे! ज्यांनी सरकारी कचेरीत आयुष्य काढले आणि वरिष्ठांच्या तोंडी आज्ञा टिपणीत आणाव्यात की नाहीत या विवंचनेत रात्री घालविल्या, त्यांना त्या अनाम कारकुनाविषयी किती आदर वाटेल हे सांगावयास नको.

हे दप्तर टिकले तेही नशिबाने. चार ठिकाणी त्याच्या प्रती ठेवलेल्या असत. १५९२ साली जपानने स्वारी केली तेव्हा तीन ठिकाणच्या प्रती नष्ट झाल्या. जोन्जू येथील एकमेव प्रत आन उई आणि सोन होंग-नोक या दोघा विद्वानांनी नेजांग डोंगरात नेऊन लपविली, म्हणून आरंभीच्या दोन शतकांचा वृत्तांत आज वाचावयास मिळतो.

परंतु सिल्लोक अभिजात चिनी भाषेत आहे, आणि आपल्याकडे मोडीचे रुमाल जसे सामान्य वाचकाला मुके, तसाच तोही सामान्य कोरियन माणसाला मुका होता. दक्षिण कोरियात त्याचा आधुनिक कोरियन अनुवाद १९९३ साली पूर्ण झाला, १९९५ मध्ये तो सीडीवर आला आणि पुढे संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्य खुला झाला. आता कोणाही पटकथालेखकाला एखादे नाव टंकून पाचशे वर्षांच्या वृत्तांतात त्याचा माग काढता येऊ लागला. त्यापूर्वीच्या मालिकांत मुख्यतः राजे, राण्या आणि प्रधान दिसतात, तर त्यानंतर वैद्य, दासी, चित्रकार, पोलिसातील स्त्रिया अशी दुय्यम माणसे नायक होऊ लागली. याला बदलती लोकरुचीही कारण आहे, पण ज्या माणसांची नावे कोणास ठाऊकच नव्हती ती शोधता येऊ लागली, हे कारणही लहान नव्हे.

'दे जांग-गुम' (२००३-०४, चौपन्न भाग, दिग्दर्शक ली ब्युंग-हून, लेखिका किम योंग-ह्यॉन) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. राजा जुंगजोंग याच्या कारकिर्दीत, म्हणजे १५०६ ते १५४४ या काळात, जांग-गुम नावाची वैद्यक जाणणारी स्त्री दरबारात होती. सिल्लोकात तिचा उल्लेख जेमतेम दहाएक वेळा येतो. १५१५ साली राणीला मुलगा झाला आणि राणी वारली; मंत्र्यांनी वैद्यांबरोबर जांग-गुमलाही शिक्षा करण्याचा आग्रह धरला, तेव्हा राजाने तिची बाजू घेतली. पुढे तिने राजमातेवर उपचार केले, बक्षीस मिळविले. १५४४ मध्ये राजा अंथरुणाला खिळला असता, आपल्या दुखण्याचे स्वरूप वैद्य-स्त्रीस ठाऊक आहे, असे त्याने मंत्र्यांना सांगितल्याची नोंद आहे. एवढेच. तिचे आईबाप कोण, ती शिकली कोठे, मेली केव्हा, याविषयी दप्तर गप्प आहे. 'दे' म्हणजे महान, असा मालिकेने अर्थ घेतला आणि राजाने तो किताब दिल्याचे दाखविले. काही अभ्यासकांच्या मते त्याच नावाची दुसरी बाई दरबारात असल्याने, आपण 'थोरली' आणि 'धाकटी' म्हणतो तसा हा भेददर्शक शब्द असावा. थोरल्या बाईचा महान बाई होण्यास चारशेऐंशी वर्षे लागली!

मालिकेचा पूर्वार्ध राजवाड्याच्या मुदपाकखान्यात घडतो. जांग-गुम स्वयंपाकीण होती, याला कसलाही आधार नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, जोसॉन राजवाड्यातील रोजचे रांधण्याचे काम बव्हंशी पुरुष आचारी करीत, असे तत्कालीन चित्रांवरून आणि कागदांवरून दिसते. मालिकेत मात्र ते सारे राज्य स्त्रियांचे आहे. मग ही फसवणूक समजावी काय? आमच्या मते नाही. जिथे कागद गप्प आहे तिथे लेखिकेने एक आयुष्य रचले. त्या आयुष्याचा दरबारी चौकटीशी, पदांच्या उतरंडीशी, औषधाच्या ज्ञानाशी मेळ राखला आणि कागद जिथे बोलतो तिथे, म्हणजे राजाच्या विश्वासाच्या प्रसंगी, कथा आणून पोहोचविली. पुरुष आचाऱ्यांना खो दिला ही चूक आहेच, परंतु ती पार्श्वभूमीची चूक आहे. तिच्यामुळे कोणा माणसाच्या चारित्र्याला कमीअधिकपणा आला नाही. कोरियन टीकेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: पोशाख, भांडी, रीतिरिवाज यांची पारख म्हणजे 'गोजुंग', आणि घटनेचा अर्थच वाकडा करणे म्हणजे 'वेगोक'. आपल्याकडे दोहोंना सरसकट 'इतिहासाचा विपर्यास' म्हणून आपण मोकळे होतो आणि पगडीच्या पेचावरून जेवढे भांडतो तेवढेच एखाद्याच्या अब्रूवरून, हे बरे नव्हे.

पार्श्वभूमीतल्या कल्पितालाही पाय फुटतात, हे मात्र खरे. याच दिग्दर्शकाची 'हो जुन' (१९९९-२०००) ही त्याआधीची मालिका 'दोंगुई बोगाम' या वैद्यकग्रंथाच्या कर्त्याविषयी होती. हा ग्रंथ १६१० साली लिहून पुरा झाला आणि १६१३ साली छापला गेला. मालिकेत व ज्या कादंबरीवरून ती बेतली त्या कादंबरीत, हो जुनला यू उई-ते नावाचा गुरू आहे. तो मरताना आपला देह शिष्यापुढे शवविच्छेदनासाठी ठेवतो. प्रसंग हृदयद्रावक आहे यात शंका नाही. परंतु असा गुरू नव्हता. त्या नावाशी जुळणारा वैद्य हो जुननंतर सुमारे शंभर वर्षांनी झाला. आज सानचोंग परगण्यात त्या गुरूच्या नावाचा औषधी पाण्याचा झरा प्रवाशांना दाखवतात! सिंहगडावर घोरपडीविषयी विचारणारे प्रवासी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. एकदा कल्पित दगडावर कोरले गेले की ते पुसण्यास संशोधकाचे सबंध आयुष्य पुरत नाही.

येथवर आम्ही सिल्लोकाला प्रमाण मानून बोलत आलो. तथापि कागद म्हणजे सत्य असे समजणेही भाबडेपणाचे होईल. सिल्लोक लिहिणारी माणसे दरबारातील गटांची माणसे होती. राजा सोन्जो याच्या कारकिर्दीचा एक सिल्लोक एका पक्षाने सिद्ध केला. पक्ष बदलल्यावर दुसऱ्याने 'सुधारून' पुन्हा लिहिला. कोरियन माणसाचे थोरपण असे की त्याने पहिला जाळला नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. सुकजोंगच्या सिल्लोकालाही दुसऱ्या पक्षाने दुरुस्त्यांची पुरवणी जोडली आहे. याच सुकजोंगची राणी जांग ही-बिन हिच्यावर जितक्या मालिका झाल्या तितक्या क्वचितच कोणावर झाल्या असतील. १६८९ साली राणी इनह्यॉन पदच्युत झाली, जांग राणी झाली. १६९४ मध्ये फासे उलटले. १७०१ साली जांगला विष घेण्याची शिक्षा झाली. जुन्या मालिकांत ती कैकेयीहून दुष्ट. विषाचा पेला तोंडाशी धरताना ती ओरडते, झटापट करते, आणि प्रेक्षकांना तेच पाहावयाचे असते. २०१३ च्या मालिकेत ती प्रेमात पडलेली, वस्त्रे शिवणारी हुन्नरी मुलगी होते. हे दुसरे चित्र पाहून अनेकांनी नाके मुरडली. आम्हांस तीही मालिका कलादृष्ट्या कमकुवत वाटते, पण पुनर्विचार करण्याचा तिचा हक्क मान्य करावा लागतो, कारण जांगच्या दुष्टपणाची साक्ष देणारे बहुतेक तिच्या वैऱ्यांच्या पक्षातले होते. मराठी वाचकाने हे प्रकरण दूरचे समजू नये. बखरींनी रंगविलेले संभाजीराजे पिढ्यान् पिढ्या नाटकांतून वावरले. वा. सी. बेंद्रे यांचा अस्सल साधनांवर आधारलेला चरित्रग्रंथ १९६० साली आला, तेव्हा कुठे चित्र पालटू लागले. बखरकाराचे घराणे आणि त्याचे हितसंबंध तपासल्याशिवाय बखर वाचू नये, हे राजवाड्यांनी आणि शेजवलकरांनी आपल्याला शिकविले. रियासतकार सरदेसाईंनी बडोद्याच्या नोकरीत राहून जे लिहिले त्यातही याच तपासणीचा ध्यास आहे. तीच कसोटी सिल्लोकाला लावली पाहिजे.

या कसोटीवर आम्हांस सर्वांत उजवी वाटते ती 'जोंग दो-जोन' (केबीएस, २०१४, पन्नास भाग) ही परंपरानिष्ठ मालिका. जोंग दो-जोन हा जोसॉन राज्याचा शिल्पकार. राजाने राज्य करावे पण शासन मंत्र्यांनी चालवावे, असा त्याचा विचार होता. १३९८ साली राजपुत्र यी बांग-वोन याने, म्हणजे पुढे घोड्यावरून पडलेल्या त्याच तेजोंगने, त्याला ठार मारले. पहिल्या राजाचा सिल्लोक तेजोंगच्याच अमदानीत तयार झाला आणि त्यात जोंग दो-जोन प्राणांची भीक मागत मेल्याचे लिहिले आहे. मारेकऱ्याच्या राज्यात लिहिलेला हा मृत्युलेख! १८६५ मध्ये त्याची अधिकृत पुनःप्रतिष्ठा होण्यास साडेचारशेहून अधिक वर्षे जावी लागली. मालिकेने त्याचा शेवट धीराचा दाखविला. इथे मालिका सरळ कागदाच्या विरुद्ध गेली, तरीही आम्ही तिला दोष देणार नाही. तिने कागदाशी वैर घेतले ते कागद कोणी लिहिला हे पारखून. शिवाय मारेकऱ्यालाही तिने राक्षस केले नाही. दोघांच्या वादात राज्य कोणाचे, वंशाचे की विचाराचे, हा खरा प्रश्न तिने अखेरपर्यंत ताणून धरला. संवाद लांब आहेत, स्त्रिया जवळजवळ नाहीत, आणि मंत्रिपरिषदेतील चर्चा ऐकता ऐकता डोळा लागण्याचा संभव आहे. तरीपण ज्याला राज्यकारभारात रस आहे त्याने ती पाहावी.

याउलट 'राणी सोनदोक' (एमबीसी, २००९, बासष्ट भाग) ही मालिका आम्हांस पेचात टाकते. सोनदोक ही सिल्ला राज्याची राणी, कारकीर्द ६३२ ते ६४७. त्या काळाचे मुख्य ग्रंथ दोन : ११४५ साली किम बु-शिकने लिहिलेला 'सामगुक सागी' आणि तेराव्या शतकातील भिक्षू इलयॉनचा 'सामगुक युसा'. पहिल्या ग्रंथकर्त्याला स्त्रीने राज्य करावे हेच मान्य नव्हते आणि त्याने तसा शेरा मारून ठेवला आहे. दुसऱ्याने राणीच्या बुद्धिमत्तेच्या तीन भविष्यकथा सांगितल्या आहेत. मालिकेतील खरी नायिका मात्र राणी नव्हेच. ती आहे मिशिल नावाची तिची प्रतिस्पर्धी, आणि गो ह्यॉन-जुंग या अभिनेत्रीने तिचे काम असे केले आहे की ती भुवई उंचावते तेव्हा राजसभा हादरते. पण ही मिशिल वरील दोन्ही ग्रंथांत नाही. ती येते 'ह्वारांग सेगी' नावाच्या पोथीतून, जिची हस्तलिखिते १९८९ पासून पुढे आली आणि जिच्या अस्सलपणाविषयी कोरियन संशोधकांत तीव्र मतभेद आहेत. अनेकांच्या मते ती विसाव्या शतकातील बनावट आहे.

म्हणजे एका संशयित पोथीतील पात्राने खऱ्या राणीला झाकोळून टाकले. आम्ही स्वतः मालिका पाहताना मिशिलच्या प्रवेशाची वाट पाहत असू, हे लपविण्यात अर्थ नाही. मालिकेतील तो वाद तर अविस्मरणीय आहे : ग्रहणे, पर्जन्य यांचे ज्ञान स्वतःपाशी ठेवून मिशिल लोकांना देवी म्हणून भिववते, तर राजकन्या वेधशाळा बांधून ते ज्ञान सर्वांना उघडे करू पाहते. ग्योंगजू येथे चोमसोंगदे नावाचा सातव्या शतकातील दगडी मनोरा आजही उभा आहे आणि तो राणी सोनदोकच्या काळातील मानला जातो. त्या मुक्या दगडातून लेखकद्वयाने सत्ता आणि ज्ञान यांचा संबंध बाहेर काढला, हे सागुकाचे अस्सल काम. परंतु पन्नासाव्या भागात मिशिल विष घेऊन मरते आणि उरलेले बारा भाग तेल संपलेल्या समईसारखे मिणमिणत राहतात. राणीच्या खऱ्या राज्याभिषेकानंतरची, कागदात नोंदलेली सोळा वर्षे लेखकांना रुचली नाहीत. ज्या मालिकेचे नाव 'राणी सोनदोक' आहे, तिच्यावर याहून मोठा आक्षेप कोणता घ्यावा?

आता नामांतराच्या युक्तीविषयी. 'राणी की' (एमबीसी, २०१३-१४) ही गोर्यो राज्यातून युआन दरबारी नजराणा म्हणून पाठविलेल्या मुलीची कथा. ती पुढे शेवटचा मंगोल सम्राट तोगोन तेमूर याची सम्राज्ञी झाली. मालिकेच्या मूळ आराखड्यात तिचा प्रियकर म्हणून गोर्योचा राजा चुंगह्ये होता. हा चुंगह्ये इतिहासात बलात्कारी व क्रूर म्हणून कुप्रसिद्ध आहे आणि १३४४ साली हद्दपारीत मेला. ओरड झाल्यावर प्रक्षेपणापूर्वी त्याचे नाव बदलून 'वांग यू' नावाचा काल्पनिक राजा करण्यात आला. राजाचे नाव गेले, पण राणीचे राहिले! आमच्या मते इथे खरे वेगोक राजाचे नव्हते, राणीचेच होते. तिच्या बळावर तिच्या भावांनी गोर्योत धुमाकूळ घातला. १३५६ साली राजा गोंगमिनने की चोल या भावास मारले, तेव्हा तिने आपल्याच माहेरच्या राज्यावर सैन्य धाडले आणि १३६४ साली ते पराभूत होऊन परतले. परदेशी नजराण्यात पाठविलेल्या मुलीने ज्या देशाने आपल्याला पाठविले त्यावर सूड उगवावा, यात केवढी मोठी शोकांतिका दडली होती! मालिकेने ती टाळली आणि स्वदेशप्रेमाने भारलेली धनुर्धारी नायिका उभी केली. कागदाने ताटात वाढलेले पक्वान्न सरकवून बाजारची मिठाई आणल्यासारखे हे झाले. 'चंद्राने कवटाळलेला सूर्य' (२०१२) या मालिकेने राजापासून दासीपर्यंत सारेच काल्पनिक ठेवले. तो मार्ग यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

लोकक्षोभाने मालिका बंद पडण्याचे उदाहरणही घडले. मार्च २०२१ मध्ये एसबीएस वाहिनीवर 'जोसॉन एक्झॉर्सिस्ट' ही भुताखेतांची मालिका सुरू झाली. तीत राजा तेजोंग भ्रमाच्या भरात निरपराध प्रजेला कापताना दिसतो, आणि राजपुत्र, म्हणजे भावी सेजोंग, ज्या मेजवानीस बसतो तिच्यावर चिनी पद्धतीचे पदार्थ मांडलेले आहेत. या दुसऱ्या गोष्टीवरून वणवा पेटला. राजघराण्याच्या कुलसंस्थेने निषेध केला, जाहिरातदार एकामागून एक निघून गेले आणि दोन भागांनंतर आठवड्याच्या आत मालिका बंद झाली. त्या सुमारास चीन व कोरिया यांच्यात किमची कोणाची, हानबोक पोशाख कोणाचा, असे तंटे पेटलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मेजवानीच्या ताटाला एवढे महत्त्व का आले ते समजते.

परंतु याच प्रेक्षकांनी 'जुमोंग' (२००६-०७, एक्याऐंशी भाग) डोक्यावर घेतली होती. गोगुर्यो राज्याचा संस्थापक जुमोंग इसवी सनापूर्वी ३७ सालचा. तो अंड्यातून जन्मला अशी दंतकथा. त्याच्या आयुष्याविषयीचे निखळ पुरावे तळहातावर मावतील इतके, आणि त्यावर एक्याऐंशी भाग! चीनच्या सरकारी संशोधन-प्रकल्पाने गोगुर्यो हे चीनचेच प्रांतिक राज्य ठरविण्याचा घाट २००२ पासून घातला होता, आणि मालिका हे त्याला दिलेले उत्तर मानले गेले. तेव्हा 'वेगोक' हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. यावरून आम्हांस असे दिसते की लोक ज्याला इतिहासाची अचूकता म्हणतात, ती पुष्कळदा स्वाभिमानाची अचूकता असते. खोटे आपल्याला उंच करीत असेल तर ते 'कल्पनाविलास', ठेंगणे करीत असेल तर 'विपर्यास'. मालिका बंद पाडणाऱ्यांपैकी किती जणांनी तेजोंगचा सिल्लोक उघडून पाहिला असेल? त्याने सावत्र भाऊ आणि मेहुणे यांचे बळी दिले, ही गोष्ट तिथे लिहिलेलीच आहे. 'जोसॉन एक्झॉर्सिस्ट' चांगली होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. खऱ्या राजांची नावे घेऊन पिशाच्चकथा रचणे हा उथळपणाच होता. पण उथळ मालिकेला न पाहणे हे उत्तर पुरेसे होते.

क्षोभ नेहमीच अंध असतो असेही नाही. 'गोर्यो-खितान युद्ध' (केबीएस, २०२३-२४, बत्तीस भाग) ही मालिका उत्तम सुरू झाली. १०१० च्या स्वारीत राजधानी सोडून दक्षिणेस नाजूपर्यंत पळावे लागलेला तरुण राजा ह्यॉनजोंग हळूहळू कणखर शासक होतो, आणि १०१९ मध्ये ग्विजू येथे सेनापती कांग गाम-चान खितानांचा निर्णायक पराभव करतो, असा तिचा विस्तार. उत्तरार्धात मात्र राजा चिडखोर, आततायी दाखविला जाऊ लागला. रागाच्या भरात घोडा फेकून तो अपघात ओढवून घेतो, असाही एक प्रसंग आला. ज्याच्या कादंबरीवर मालिका आधारली होती त्या लेखकानेच जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. प्रेक्षकांची तक्रार अशी होती की, हा राजा ग्रंथांतल्या राजासारखा तर नाहीच, पण पहिल्या पंधरा भागांतल्या राजासारखाही नाही. ही टीका आम्हांस मार्मिक वाटते. इतिहासाशी विसंगती आणि पात्राशी विसंगती या एकाच जागी उद्भवल्या, कारण लेखकाने ग्रंथ सोडला तेव्हा त्याच्या हाती दुसरे काहीच नव्हते.

हुबेहूबपणाच्या हव्यासाची आणखी एक बाजू आहे. 'तेजोंग यी बांग-वोन' (२०२१-२२) या मालिकेत तेजोंगचा पिता घोड्यावरून कोसळतो तो प्रसंग खराखुरा दिसावा म्हणून घोड्याच्या पायांना दोर बांधून त्याला धावता धावता पाडण्यात आले. घोडा आठवड्याभरात मेला. बातमी फुटल्यावर प्रक्षेपण काही आठवडे थांबवावे लागले. पडण्याची नोंद इतिहासात होती, ती अचूक चितारली गेली. असो.

शेवटी 'लाल बाही' (एमबीसी, २०२१-२२, सतरा भाग) या मालिकेविषयी थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण कागद आणि कथा यांचा इतका निकट संसार आम्ही अन्यत्र पाहिला नाही. राजा जोंगजो आणि दासी सोंग यांची ही कथा. १७६६ साली युवराज असताना जोंगजोने तिला मागणी घातली. आपल्या मालकिणीला, म्हणजे युवराज्ञीला, अद्याप मूल नाही, या कारणाने तिने रडून नकार दिला. पंधरा वर्षांनी, राजा झाल्यावर, त्याने पुन्हा विचारले. तिने पुन्हा नकार दिला. राजाने तिच्या नोकरांना शिक्षा केली तेव्हा कुठे ती तयार झाली. हे सारे आपल्याला कळते ते खुद्द राजाच्या लेखणीतून. १७८६ साली तिचा लहानगा मुलगा वारला, त्याच वर्षी तीही वारली, आणि राजाने तिच्यासाठी मृत्युलेख लिहिला, त्यात हे नकार नोंदविले. सर्वसत्ताधीश पुरुषाने आपल्याला दोनदा नाकारल्याचे स्वहस्ते लिहून ठेवावे, ही गोष्ट कोणत्याही कल्पनेपेक्षा अधिक विलक्षण आहे.

सामान्य लेखकाने या मृत्युलेखातून अमर प्रेमकथा काढली असती, आणि जाहिरातींतून ती तशीच विकली गेली हेही खरे. परंतु मालिकेने (आणि कांग मी-कांग हिच्या ज्या कादंबरीवरून ती घेतली त्या कादंबरीने) वेगळाच प्रश्न विचारला : राजाचे प्रेम होते हे राजाने लिहिले, दासीचे काय? तिचे शब्द राजाच्या लेखणीतून आले आहेत. नकाराचे कारण तिने 'मालकिणीची निष्ठा' सांगितले, पण राजापुढे दुसरे कोणते कारण सांगता आले असते? मालिकेतील दोक-इम (हे नाव तिचेच) राजावर प्रेम करीत नाही असे नाही. तिला ठाऊक आहे की एकदा त्याची झाली की तिचे स्वतःचे, मैत्रिणींसोबतचे, पुस्तके वाचण्याचे छोटे आयुष्य संपणार. ली से-योंग हिने हा ताण संवादापेक्षा मौनातून अधिक दाखविला आहे. राजाच्या भूमिकेत ली जुन-हो हाही संयमित आहे. कारस्थानांची उपकथानके जरा जादा झाली आहेत, आणि दासींच्या गुप्त संघटनेचा भाग आम्हांस अनावश्यक वाटला. राणीपद लाभल्यानंतरचा तिचा एकटेपणा मात्र विसरता येत नाही. मृत्युलेखात एका बाजूची साक्ष होती. मालिकेने ती खोडली नाही, समोर दुसरी खुर्ची मांडली आणि ती रिकामी आहे हे प्रेक्षकाला दिसू दिले.

त्या खुर्चीवर बसणारीचा एक अस्सल कागद तेवढा शिल्लक आहे. १७७३ साली राजकन्या आणि काही दासी यांनी मिळून 'ग्वाक-जांग-यांग-मुनरोक' नावाची लांबलचक कादंबरी हाताने उतरून काढली. ते हस्तलिखित उपलब्ध आहे आणि नकलणाऱ्यांत सोंग हिचेही नाव आहे. मालिकेत ती रात्री दिव्याशी बसून नक्कल करताना दिसते. त्या दृश्यात राजा नाही.